परीकथा आणि त्यांची तात्पर्यं: पालकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या पेठेत शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी सांगायचा तास असतो. पोरं आत गोष्ट ऐकतात आणि त्यांचे आईबाप, आज्ज्या बाहेर चपलांच्या ढिगाशी मला गाठतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली ह्या गोष्टी मुळात कुणी लिहिल्या?

कुणा एकानं नाही. चुलीपुढं, सूत कातताना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पुढं कुणीतरी छापल्या, एवढंच. शार्ल पेरो यांचं पुस्तक १६९७ साली पॅरिसमध्ये निघालं. सिंड्रेला, लाल टोपीवाली, झोपलेली राजकन्या, बूट घातलेलं मांजर ह्या सगळ्या त्यात आहेत. पेरो दरबारी वर्तुळातले होते आणि त्यांचा वाचकही तिथलाच, म्हणून प्रत्येक गोष्टीखाली त्यांनी पद्यात तात्पर्य जोडलं. जर्मनीत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आला, आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यातल्या गोष्टींवर हात फिरत राहिला. हे काम मुख्यतः विल्हेल्मचं. डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान अँडरसन यांचं प्रकरण निराळं. छोटी जलपरी, राजाचे नवे कपडे, कुरूप बदकपिल्लू ह्या त्यांनी स्वतःच्या धाटणीत लिहिलेल्या गोष्टी आहेत.

सिंड्रेला मात्र पेरोंच्याही फार आधीची. नवव्या शतकात चीनमध्ये लिहून ठेवलेल्या एका गोष्टीत येश्येन नावाची पोर सावत्र आईच्या जाचात आहे. तिचा पाठीराखा एक मासा आहे, आणि सणाहून परत येताना तिची सोन्याची चप्पल हरवते.

गोष्ट संपल्यावर मुलांना "तात्पर्य काय?" असं विचारायचं का?

माझं मत विचाराल तर नको. तात्पर्य विचारलं की मूल गोष्टीतून उठून वर्गात जाऊन बसतं. "खोटं बोलू नये", "मोठ्यांचं ऐकावं" ही दोन उत्तरं त्याच्याकडं तयार असतात आणि ती कुठल्याही गोष्टीला चालतात.

शिवाय छापलेलं तात्पर्य हे गोष्टीचंच असतं असंही नाही. पेरोंच्या सिंड्रेलाला दोन तात्पर्यं आहेत. पहिलं साधं: रूपापेक्षा वागण्यातली गोडी मोलाची. दुसरं आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीच्या भिंतीवर लावता येईल: अक्कल, धाडस, घराणं सगळं असेल, पण पाठीशी वजनदार माणूस नसेल तर त्याचं चीज होत नाही. म्हणजे वशिला! गोष्टीतल्या परीमावशीकडं पाहा, पेरो म्हातारबुवांचं काही चुकलेलं नाही.

जॅक आणि घेवड्याच्या वेलाची गोष्ट घ्या. जॅक राक्षसाच्या घरात शिरतो, सोन्याची अंडी देणारी कोंबडी पळवतो, वर राक्षसाला वेलावरून पाडून मारतो. १८०७ साली लंडनला बेंजामिन टाबार्टनं ही गोष्ट छापली तेव्हा त्यात एक परी घातली. ती जॅकला सांगते की ह्याच राक्षसानं तुझ्या बापाला मारून सगळं लुबाडलं होतं. झाली चोरी माफ! पुढं १८९० मध्ये जोसेफ जेकब्जनं तीच गोष्ट त्या परीशिवाय छापली, आणि जॅक पुन्हा साधा चोर झाला.

विचारायचंच असेल तर "तू तिथं असतास तर काय केलं असतंस?" हे विचारा आणि गप्प बसा. येणारं उत्तर तुमच्या तात्पर्यापेक्षा नक्की भारी असेल.

लाल टोपीवालीची गोष्ट "अनोळखी माणसाशी बोलू नको" हे शिकवायला चांगली ना?

चांगली, पण ती एवढ्यावर आटोपू नका. पेरोंच्या गोष्टीत शिकारी येतच नाही. लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट संपते. खाली तात्पर्यात ते लिहितात की लांडगे नाना तऱ्हेचे असतात, आणि गुरगुरणाऱ्यापेक्षा गोड बोलत पार घरापर्यंत मागं येणारे जास्त धोक्याचे. हे आजच्या आईबापांनी दोनदा वाचावं. लांडगा भेटल्याबरोबर काय विचारतो? कुठं चाललीस, आज्जी कुठं राहते. तोंडओळखीचा असला, हसतमुख असला, तरी घरी कोण असतं आणि कधी नसतं ह्याची चौकशी करणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, एवढं मुलाला ह्या गोष्टीतून नीट कळतं.

एकदा दुसरीतला एक पोरगा मधेच उठून म्हणाला, "पण आज्जीनं आतनं कडी नीट का घातली न्हाई?" सगळे हसले, पण त्यानं बरोबर जागा पकडली होती. पेरो आणि ग्रिम दोघांच्याही गोष्टीत दार कसं उघडायचं ते लांडग्याला आज्जीच आतून ओरडून सांगते. आवाज नातीचा वाटला, खातरजमा केली नाही. गोष्टीत चुकलेली मोठी माणसंही आहेत, फक्त सगळा दोष टोपीवालीच्या डोक्यावर जातो.

ग्रिम भावांच्या संग्रहात हिची एक शेपटीवजा पुढची गोष्टही आहे, ती कुणी सांगतच नाही. दुसऱ्या खेपेला दुसरा लांडगा भेटतो. पोरगी थांबत नाही, तडक आज्जीकडं जाते आणि दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर चढून बसतो. सॉसेज उकडलेलं पाणी दारापुढच्या दगडी डोणीत ओतून ठेवतात, वासानं तो मान लांब करतो, घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. शिकारी नाही, कुणी नाही, आज्जी आणि नात. माझ्याकडं आलेल्या मुलांना हाच भाग जास्त आवडतो.

आपल्याकडं अशी गोष्ट नाही का?

आहे की, भोपळ्यातली म्हातारी! तेच रान, तीच वाट, तसाच खायला टपलेला प्राणी. फरक एवढाच की आपल्या गोष्टीत रानातून जाते ती खुद्द म्हातारी, आणि ती वाघाला सांगते, "लेकीकडं जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग खा." येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक पसार.

म्हणजे म्हातारी खोटं बोलते. बूट घातलेलं मांजर लबाड, जॅक चोर. अशा गोष्टींनी मुलं बिघडणार नाहीत का?

हा प्रश्न आजोबा मंडळींचा लाडका. पंचतंत्रातलं माकड मगरीच्या पाठीवर बसून भर पाण्यात सांगतं की काळीज जांभळीच्या झाडावरच राहिलं. ते खोटं नाही बोललं तर मेलंच. ह्या गोष्टी लहानग्याच्या, दुबळ्याच्या बाजूनं सांगितलेल्या असतात. ज्याच्याकडं ताकद नाही त्यानं ताकदवानाच्या तावडीतून सुटायला अक्कल लढवली, तर लोककथा त्याला माफ करते. तीच लबाडी बलवानानं केली की शिक्षा होते. चौथीतल्या मुलाला हा फरक बोट दाखवून सांगावा लागत नाही. शाळेच्या मैदानावर तो रोज पाहतो.

बूट घातलेल्या मांजराचं मात्र मी समर्थन करणार नाही. ते शेतातल्या माणसांना धमकावतं की ही जमीन आमच्या मालकाची आहे असं राजाला सांगा, नाहीतर खिमा करीन. सातबारा न बघता राजा विश्वास ठेवतो. मोठ्या मुलांना सांगा आणि भांडू द्या त्यांना त्यावर.

मूळ गोष्टी फार क्रूर आहेत म्हणतात. त्या तशाच सांगायच्या?

क्रूर आहेतच. हिमगौरीच्या गोष्टीत दुष्ट राणीला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. ग्रिमच्या सिंड्रेलात बूट पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापून घेते, दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. पेरोंची सिंड्रेला त्याच बहिणींना माफ करून राजवाड्यात आणते आणि चांगल्या सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते. गोष्ट तीच, न्याय दोन तऱ्हेचा. दोन्ही शेवट सांगून मुलांना कुठला पटतो ते विचारून बघा. लहान मुलं बहुतेक वेळा कबुतरांच्या बाजूची असतात, हे ऐकून घाबरू नका.

शिक्षा एका वाक्यात सांगावी, रंगवू नये. पण अगदी गाळूही नये. "मग राणीचं काय झालं?" हा प्रश्न येतोच, आणि "ती लांब निघून गेली" म्हटलं की पोरं त्या रात्री पलंगाखाली वाकून बघतात.

घरात सावत्र आई आहे. हिमगौरीची गोष्ट कशी सांगू?

फक्त "राणी" म्हणा, गोष्टीचं काही अडत नाही. ग्रिम भावांच्या १८१२ च्या पुस्तकात हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आईच होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडा म्हणणारी आईसुद्धा आधी सख्खीच, १८४० मध्ये सावत्र झाली. पुस्तक मुलांच्या हातात जायला लागलं आणि सख्ख्या आईचं असं चित्र चालेना, तसा दोष दुसरीवर गेला. त्या काळी बाळंतपणात बायका दगावत आणि घरोघर दुसरी आई येई, त्यामुळं ऐकणाऱ्यांना ते खपूनही गेलं. आपल्याकडं ध्रुवबाळाच्या गोष्टीत सुरुचीचं हेच.

सांभाळून घेणाऱ्या एखाद्या दुसऱ्या आईला ह्या गोष्टी किती बोचत असतील, ह्याचा विचार सांगणाऱ्यानं करायला हवा. वर्गात सांगणाऱ्या शिक्षकांनी तर आधी पटावरची मुलं आठवावीत.

झोपलेल्या राजकन्येत शिकण्यासारखं काय? ती तर नुसती झोपते.

राजकन्येकडं बघू नका, बारशाकडं बघा. ग्रिमच्या गोष्टीत राज्यात तेरा जाणत्या बायका आणि राजाकडं सोन्याच्या ताटल्या बाराच, म्हणून तेराव्या बाईला बोलावत नाहीत. पेरोंच्या गोष्टीत एक म्हातारी परी कित्येक वर्षं कुणाला दिसलेली नसते, मेली असेल म्हणून तिला आमंत्रण जात नाही. दोन्हीकडं ती येते, भडकते आणि पाळण्यातल्या पोरीला शाप देते.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. कोल्हासुराच्या वधानंतर त्याच्या मुलानं, कामाक्षानं, योगदंडानं देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोली देवीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, त्यांना सोडवलं. आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलावायचं राहून गेलं! ती रुसली, शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. अजूनही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यांसाठी झुंबड उडते.

मी ह्या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगते. तिकडच्या राजानं काय केलं? राज्यातली सगळी टकळी जाळून टाकायचा हुकूम काढला. रुसलेल्या बाईकडं कुणी गेलंच नाही. इकडं मोठ्या देवीनं मोठेपणा बाजूला ठेवून टेकडी चढली, आणि ती चूक आपण दरवर्षी पालखी नेऊन निस्तरतो. "वर्गातल्या कुणाला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं का?" एवढं विचारलं की खोलीत चुळबुळ सुरू होते.

आणि झोपेत पापा घेणारा राजपुत्र? आजच्या मुलींना हे कसं सांगायचं?

पेरोंच्या गोष्टीत पापा नाहीच. राजपुत्र गुडघे टेकून बसतो, शंभर वर्षं सरलेली असतात, ती जागी होते. ग्रिमच्या गोष्टीत आहे, पण तिथंही मुदत त्याच दिवशी संपलेली असते. हिमगौरीला तर ग्रिम भावांकडं कुणी पापा घेऊन उठवत नाही. काचेची पेटी नेताना नोकर झुडपाला अडखळतात, धक्क्यानं घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. तिथं पापा आला तो १९३७ च्या डिस्नीच्या सिनेमात. तेव्हा गोष्ट बदलायचं पाप माथी घ्यायची गरज नाही, जुनीच सांगा.

सिंड्रेला मुलींना "राजपुत्राची वाट बघत बसा" असं शिकवते, म्हणून आम्ही ती सांगत नाही. बरोबर ना?

तुमची मर्जी. पण ती वाट बघते ती राजपुत्राची नाही. तिला एक रात्र घरातून बाहेर पडायचं असतं. नाच बघायचा असतो, चांगले कपडे घालायचे असतात. सगळं आवरून, भांडी घासून झाल्यावरही "तू नाही यायचंस" हे ऐकणाऱ्या पोरी आपल्या आसपास कमी नाहीत. राजपुत्र शेवटी येतो, आणि गंमत म्हणजे त्याला तिचा चेहरा ओळखता येत नाही, बूट लागतो! चप्पल लाईनीत दुकान असलेल्या घरातली एक मुलगी ह्यावर फार वैतागली होती. "आख्ख्या गावात त्या नंबरची एकच बाई? आमच्याकडं एका मापाच्या ढिगानं जातात." माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पंचतंत्र आणि इसापनीती ह्या परीकथाच का?

नाही. तिथं जादू नसते, व्यवहार असतो. विष्णुशर्म्यानं अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत शहाणं करायचं पत्करलं, ते राज्य चालवण्यापुरतं शहाणं. त्यामुळं पंचतंत्रात चांगुलपणापेक्षा सावधपणा जास्त. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी ह्या तिथल्या जुन्या भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत, आणि तिथून युरोपभर पसरलं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेली इसापनीती १८२८ साली छापून आली. शाळेतल्या "तात्पर्य" नावाच्या रकान्याचं मूळ मला वाटतं ह्याच वाटेवर कुठंतरी आहे.

मग व्रतांच्या कहाण्यांचं काय? त्या मुलांना सांगाव्यात का?

सगळ्या नाही, पण खुलभर दुधाची कहाणी जरूर सांगा. राजा दवंडी पिटतो, गावातलं सगळं दूध आणून महादेवाचा गाभारा भरा. धाकानं लोक वासरांना, पोरांना उपाशी ठेवून दूध ओततात, गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातल्या लेकरांना पाजते, गाईवासरांना देते, उरलेलं खुलभर आणून वाहते आणि गाभारा भरतो. राजा पाळत ठेवतो तेव्हा कुठं त्याला कळतं. आमच्याकडं पहाटे दूध संघाच्या डेअरीत दूध घालणाऱ्या घरांतली पोरं येतात. वासराला किती सोडायचं ह्यावर घरात होणारी कुरबूर त्यांना पाठ असते. राजाला ती सोडतच नाहीत.

चिऊ-काऊच्या गोष्टीत चिमणी दुष्ट वाटते, असं माझा मुलगा म्हणतो.

त्याचं खरं आहे. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातही आहे, म्हणजे सातशे वर्षं आपण चिमणीला शहाणी म्हणत आलो. मेणाचं घर बांधणारी हुशार, शेणाचं बांधणारा आळशी. पण २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापुरात ती तशी सांगता येत नाही. पावसानं घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतोय आणि आतून "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे" असं ऐकू येतंय. एक मुलगी म्हणाली, "पुरात चिखली गावची माणसं येत्यात तसा तो शाळेत का न्हाई गेला?" तेव्हापासून मी कावळ्याचं घर नदीकाठी असल्याचं सांगते आणि चिमणीला बाळाचं न्हाऊ-माखू लवकर उरकायला लावते.

दुःखी शेवट बदलावा का? जलपरीची गोष्ट ऐकून मुलगी रडली.

रडू द्या. अँडरसनच्या १८३७ च्या गोष्टीत राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. त्याला मारलं तर जलपरी वाचणार असते, पण ती सुरी फेकून देते, तिचा फेस होतो आणि मग ती हवेतल्या कन्यांमध्ये जाते. एवढं सांगून थांबा. पुढं एक पुरवणी आहे: चांगलं मूल दिसलं की तिची तीनशे वर्षांची मुदत एका वर्षानं घटते, आणि वाईट मुलामुळं गाळलेल्या प्रत्येक अश्रूगणिक एक दिवस वाढतो. मुलांवर असं ओझं टाकायचं कारण नाही. मी तो भाग बिनदिक्कत वगळते.

काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट मात्र आठ-नऊ वर्षांच्या आत नको.

मुलगा इंग्रजी शाळेत आहे. गोष्ट कुठल्या भाषेत सांगू?

तुम्हाला राग आला की जी बाहेर पडते, त्या भाषेत. लांडग्यानं "कोण हाय रं आत?" म्हटलं तर काही बिघडत नाही, उलट तो जास्त भीतीदायक होतो.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत का?

नकोत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ह्या शहरात आहे, तिथं मुलाला घेऊन जा आणि कपाटापुढं त्यालाच निवडू द्या. जाड, चकचकीत, मोठाल्या चित्रांची पुस्तकं दिसायला छान असतात, पण बहुतेकांत गोष्ट पानाला दोन ओळी उरलेली असते. घेण्याआधी मधलं कुठलंही पान मोठ्यानं वाचून बघा. दुकानदार हटकणार नाही, हटकलंच तर दुसरं दुकान बघा.